कडेचा ठोका

एवर्ट टलॉकनं रायफल पिकअपच्या बॉनेटवर ठेवली,
लोकरीच्या गोणपाटावर,
दस्ता गिऱ्हाइकाकडे, नळी डोंगराकडे.
बोल्ट काढून खिशात.
"सतरा कॅलिबर," म्हणाला. "बावीसची सवय विसर."

काडतूस तळव्यावर घेतलं. करंगळीच्या दोन पेरांएवढं,
टोकाला ज्वारीच्या दाण्याइतकं लाल प्लास्टिक,
गोळीचं वजन एका ग्रॅमच्या जरासं वर.
माझ्याच हातावर त्यानं अंगठ्यानं त्याचं बूड चाचपलं:
"पिन मध्यावर पडत नाही. कडेवर पडते.
पेट घेते ती कडेपासून."
तीस वर्षं बावीस चालवतेय मी, तिचंही तेच.
पण त्याला सांगायचं होतं. सांगू दिलं.

पहिल्या पाच गोळ्या चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर,
साठ पावलांवरून.
तीन भोकं एकमेकांत, चौथं त्यांना चिकटून,
पाचवं माझं:
चाप ओढताना श्वास घेतला.
आवाज, कुणी ओली चादर जोरात झटकावी तसा,
आणि खांद्याला पत्ताच नाही.

मग ससे.
दहा ससे एका मेंढीचं गवत खातात, बाप म्हणायचा,
आणि संध्याकाळी उतरावर बोट फिरवत मोजायचा
दहा, वीस, तीस,
त्याच्याकडे नसलेल्या मेंढ्या.
ओटागोच्या या उतारांवर ऑक्टोबरात
रानटी ओव्याला जांभळा मोहोर येतो,
आणि त्यात तपकिरी ठिपके, हलणारे.

एक बसला होता खडकाच्या पुढ्यात, शंभरेक मीटरवर,
पुढचे पाय चाटत.
फुली त्याच्या मानेवर. धूळ उडाली
उजवीकडे, हातभर लांब.
त्यानं मान वर केली, पुन्हा पाय चाटू लागला.

"किती गेली?" एवर्टनं विचारलं.
त्याला दिसलं नव्हतं.
दोन वर्षं झाली,
ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं:
कपाची कड दिसते, चहा नाही,
नोईलीनचे कान दिसतात, नोईलीन नाही,
दुर्बिणीत फुलीच्या जागी धुराचा गोळा.
म्हणून तर विकतोय.

डोंगर बघायचा तर तो पिकअपच्या चाकाकडे बघतो.
आताही तसाच उभा राहिला, चाकाकडे तोंड करून,
टोपी काढली,
टकलावर वारा घेतला थोडा वेळ,
जसा कुणी पाव विकत घेण्याआधी दाबून बघतो.
"वायव्येचा. आपल्याकडे मंद, पण त्या घळीतून जोरात येतो.
ऐक, तारांचं कुंपण शिटी घालतंय.
अर्धा ससा डावीकडे धर."

अर्धा ससा डावीकडे मी धरला,
म्हणजे रिकाम्या ओव्यावर,
जिथे मारण्यासारखं काही नव्हतं.
ओली चादर झटकली.
ससा बसल्या जागीच आडवा झाला,
एकदाही पाय झाडले नाहीत.

चढून गेले. आत जाण्याचं भोक शोधावं लागलं,
बाहेरची बाजू शोधावी लागली नाही.
बावीसनं मारला असता तर रात्री पातेल्यात गेला असता.
हा घारींना.
मी तो खडकावर ठेवला, हात गवताला पुसले,
बराच वेळ पुसले.

"कुठे लागली?" खालून त्याची हाक.
"कानामागे दोन बोटं!"
तो चाकाकडे बघत हसला:
"मग वारा मध्येच पडला असणार."
खरंच पडला होता. कुंपण गप्प होतं.

नऊशे डॉलर ठरले होते, दुर्बीण धरून.
मी पाकीट काढलं. त्यानं खिशातला बोल्ट काढला,
बाहीनं पुसला, पुन्हा पुसला,
माझ्या हातावर ठेवताना जरा बाजूला ठेवला,
मीच हात सरकवला.

नोटा न मोजताच त्यातली एक पन्नासची
चाचपून परत केली.
"एवढे कमी दे," म्हणाला,
"आणि शनिवारी वरच्या कुरणात जाशील ना,
मला न्यायला ये."